गोदावरीच्या डोहांपासून दाभोळच्या खाडीपर्यंत: नाशिककरांनी लांब पल्ल्याची कयाक सफर कशी आखावी

नाशिकचं पाणी पूर्वेला वाहतं आणि नाशिकला जवळचा समुद्र पश्चिमेला आहे. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्र घाटाखाली दिसावा इतका जवळ वाटतो, पण आपल्या नदीचा एक थेंबही तिकडे जात नाही. म्हणजे रामकुंडावर होडी सोडली आणि खाडीमार्गे समुद्रात निघाली, हे आपल्या नशिबात नाही. इथल्या माणसाला अशी सफर दोन तुकड्यांत आखावी लागते. नदीचा तुकडा घराजवळ, खाडी आणि किनाऱ्याचा तुकडा कोकणात. मधे होडी गाडीच्या टपावर.

माझी पहिली आखणी एक्सेलमध्ये झाली होती. रोज ३० किलोमीटर, चार दिवस, १२० किलोमीटर. पहिल्याच दिवशी दुपारी दोनला आम्ही ११ किलोमीटरवर होतो, कारण वाटेत तीन बंधारे होते आणि प्रत्येक ठिकाणी भरलेल्या होड्या खांद्यावरून उतरवाव्या लागल्या. तेव्हापासून मी उलट्या क्रमाने आखतो. नकाशावर आधी पाण्यातून बाहेर पडता येईल अशा जागा, मग अडथळे, मग पाण्याच्या वेळा, आणि सगळ्यात शेवटी मुक्काम. किलोमीटर आपोआप ठरतात. खाली सगळं त्याच क्रमाने सांगतो.

महिना कोणता

नदी असो की समुद्र, कॅलेंडरवर एकच खिडकी जुळते: नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गोदावरीत उतरायचं नाही, यावर चर्चा नको. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आपण पुलावर बघायला जातो. त्या वेळी गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलेत तो आकडा वर्तमानपत्रात असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन लाख ८३ हजार लिटर. हा गुणाकार एकदा केला की उत्साह आपोआप आवरतो. समुद्रातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला कोळी नारळ सोडतात, तेव्हा त्यांचा समुद्र सुरू होतो, आपला नाही. कयाकसारख्या छोट्या होडीने दिवाळीनंतर लाटा बसेपर्यंत थांबावं.

मार्चनंतर ऊन वाढतं, नदीतले डोह आटतात आणि किनाऱ्यावर दुपारचा वारा दांडगा होतो. म्हणून मार्गशीर्ष-पौष.

गंगापूरचे सहा रविवार

लांबची सफर करायची तर आधी धरणाच्या साठ्यात किमान सहा रविवार घालवा. गंगापूरच्या बॅकवॉटरला बोट क्लब आहे, पाणी स्वच्छ आहे आणि वारा दुपारी बऱ्यापैकी उठतो, म्हणजे सरावाला हवं ते सगळं आहे. स्वतःची होडी उतरवायची असेल तर जलसंपदा विभागाच्या कार्यालयात विचारा. धरणाच्या भिंतीजवळ आणि विमोचकाच्या (पाणी सोडायच्या दारांच्या) बाजूला फिरकायचं नाही.

आपल्याकडे पाणी कमी म्हणून पाण्यातले खेळ आपले नाहीत, असं म्हणणाऱ्यांना मी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळची आठवण करून देतो. दुष्काळी भागातला हा मुलगा सैन्यात गेला, वल्हं धरलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी रोइंगमध्ये तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्ण मिळवलं. रोइंग आणि कयाकिंग वेगळं (तो पाठमोरा वल्हवतो, आपण समोर बघतो), पण ती तयारीही शेवटी पाण्यात घातलेल्या तासांचीच असते.

सहा रविवारांत तीन गोष्टी जमल्या पाहिजेत. पहिली, उलटलेल्या होडीतून बाहेर पडून, कोणाच्या मदतीशिवाय, पाच मिनिटांत परत आत बसणं. हे कडेला नाही, मधोमध करा. आणि वारा असताना करा, कारण होडी उलटते ती वाऱ्यातच. दुसरी, सोबत्याला त्याच्या होडीत परत बसवणं. तिसरी, पूर्ण भरलेली होडी सलग चार तास वल्हवणं. भरलेली म्हणजे खरोखर भरलेली: पाणी, तंबू, स्टोव्ह सगळं. रिकाम्या होडीत तासाला सहा किलोमीटर काढणारा माणूस भरलेल्या होडीत साडेचारवर येतो. विश्रांती धरून तासाला चार हाच आकडा आखणीत वापरा. हा वेग ज्याचा सगळ्यात कमी, तोच सगळ्या गटाचा वेग. आमच्यात तो माझा आहे, त्यामुळे मी हे निःसंकोच लिहू शकतो.

होडी कोणती? नदीला बारा फुटी चालते. समुद्राला चौदा ते सतरा फुटी, पुढे-मागे पाणी न शिरणारे कप्पे असलेली. हवा भरायच्या होड्या गंगापूरला ठीक, समुद्रात नाही.

गोदावरी: बंधारे मोजा

नदीचा तुकडा म्हणजे रंगीत तालीम. नांदूरमध्यमेश्वरच्या खाली सुरू करून कोपरगावमार्गे पुणतांब्यापर्यंत, तीन-चार दिवस. पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे, घाट आहे आणि रेल्वेही आहे, त्यामुळे शेवटाला सोयीचं.

नाशिक शहरापासूनच का सुरू करू नये, असं सगळे विचारतात. दोन कारणं. शहराच्या खाली बऱ्याच अंतरापर्यंत पाण्यात सांडपाणी आणि वर पाणवेलींचा गालिचा असतो. पाणवेलींत कयाक अडकली की वल्हं चालत नाही आणि उतरून चालताही येत नाही. दुसरं, नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे हजारो पाहुणे पक्षी उतरलेले असतात, नेमके आपल्याच मोसमात. वन विभागाच्या परवानगीशिवाय त्यात होडी घालायची नाही. परवानगी मागूही नये, असं माझं मत. खालच्या टोकाला जायकवाडीचा नाथसागर हेही पक्षी अभयारण्य. शिवाय तो जलाशय ५० किलोमीटरहून लांब आहे. एवढ्या मोकळ्या पाण्यावर दुपारचा वारा ज्या लाटा उठवतो त्या तळ्याच्या नसतात. म्हणून मधलाच तुकडा.

या तुकड्याचं एक गुपित नकाशात दिसत नाही. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीचं पाणी डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं, त्यामुळे हिवाळ्यात खालची नदी सलग वाहत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे साठलेल्या डोहांची ती माळ असते. पावसाळा सरला की बंधाऱ्यांत बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, डोह भरतात. नोव्हेंबर-डिसेंबरला ते तुडुंब, फेब्रुवारीनंतर उपसा सिंचनाचे पंप त्यांना खाली आणतात. म्हणजे तुमचा अंदाज प्रवाहावर नाही, डोहांवर बांधायचा: किती डोह, प्रत्येक किती लांब, मधे किती उचलणं. उपग्रह नकाशावर नदी मोजताना बंधारा दिसला की खूण करा आणि प्रत्येक बंधाऱ्याला किमान पाऊण तास धरा. चार होड्या असतील तर तास.

बंधाऱ्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण या नदीत माणूस मरेल तर तिथेच. वरून येताना बंधारा दिसत नाही. दिसते ती सरळ रेषा आणि तिच्यापलीकडे पाणी नाहीसं झालेलं. बर्गे भरलेले असताना वरून पाणी सांडत असेल तर खाली ते उलटं फिरतं, भिंतीकडे खेचतं आणि आत सापडलेल्या वस्तूला गोल गोल फिरवत ठेवतं. लाकडाचा ओंडका तासभर तिथेच फिरताना मी पाहिला आहे. अर्धे बर्गे काढलेले असतील तर उरलेल्या गाळ्यांतून पाणी जोरात जातं आणि होडी गाळ्याला आडवी बसते. म्हणून नियम असा: बंधारा दिसायच्या आधीच, नकाशावरच्या खुणेपासून शंभर मीटर वर, काठ पकडायचा. एकाने चालत जाऊन बघायचं. मग उचलायचं. बाकीच्यांनी तोवर होडीतून उतरून चहा प्यायला हरकत नाही.

कालव्यात कधीही उतरू नका. पाणी चांगलं वाटतं, सरळ वाटतं. पण अस्तर केलेल्या उतरत्या काठांवर पाय ठरत नाही आणि सायफनचं (पाणी जमिनीखालून नेणाऱ्या बोगद्याचं) तोंड समोर आलं तर थांबायला जागा नसते.

धरणांतून पाणी सुटायची शक्यता हिवाळ्यातही असते. सिंचनाची आवर्तनं असतात आणि ज्या वर्षी जायकवाडीत तूट असते त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचा वाद पेटतो. कोर्टकचेऱ्या काही असोत, पाणी सुटलं की नदीची पातळी रात्रीत बदलते. निघायच्या आठवड्यात जलसंपदा विभागात विचारून घ्या आणि तंबू काठाच्या वरच्या टप्प्यावर, जुन्या पुराच्या कचऱ्याच्या रेषेपलीकडे लावा.

गावात शिरलं की आधी रामराम, मग चौकशी. भोई बांधवांची जाळी कुठे आहेत, पंपांच्या वायरी पाण्यातून कुठे गेल्यात, वाळू उपशाचे खड्डे कुठे आहेत, हे तेच सांगतील. आम्हाला एका आजोबांनी ‘‘पुढं दगडी बंधारा हाय, डाव्या अंगानं जा’’ एवढं सांगितलं आणि दोन तास वाचले.

थंडीला हलकं घेऊ नका. निफाडचा पारा डिसेंबरात दहाच्या खाली गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. ओल्या कपड्यांत पहाटे सहाला वारा लागला की बोटं वळत नाहीत. सुती कपडे घरी ठेवा, एक कोरडा जोड वेगळ्या ड्राय बॅगेत बांधून ठेवा आणि तो फक्त मुक्कामाला वापरा.

कोकणचा मार्ग

नदीची तालीम झाली की मग हा: सावित्री नदीने खाली, बाणकोटला समुद्रात, किनाऱ्याने दक्षिणेला, दाभोळला वाशिष्ठीच्या खाडीत शिरून वर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत. एकाच सफरीत नदी, समुद्र आणि परत नदी. सावित्रीचा तुकडा आंबेतच्या पुलाजवळून धरला तर पंचवीस-तीस किलोमीटर, बाणकोट ते दाभोळ किनारा सुमारे ४५, आणि दाभोळची खाडी गोवळकोटपर्यंत साधारण ४५ (वाशिष्ठी-दाभोळ खाडी हा राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आहे). सव्वाशेच्या आत-बाहेर. सहा दिवस वल्हवायचे, दोन राखीव.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच का, याचं उत्तर शाळेच्या भूगोलात आहे. पहाटे जमीन थंड असते, तेव्हा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे. दुपारी उलट, खारा वारा समुद्राकडून. आणि या किनाऱ्यावर हिवाळ्यात तो वायव्येकडून येतो. दक्षिणेला जाणाऱ्याच्या तो पाठीत बसतो. उत्तरेला जाणाऱ्याच्या तोंडावर, रोज, सहाही दिवस. पाठीचा वारासुद्धा एका मर्यादेपर्यंतच मदत करतो, म्हणून समुद्रातलं वल्हवणं सकाळी अकरा-बाराला संपेल असं बघायचं. एक सावधगिरी: मतलई वारा जोराचा असेल तर तो तुम्हाला समुद्रात लोटतो. काठापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत राहा, खडक असतील तिथे थोडं बाहेर.

तिथीची पाऊणपट

नाशिकच्या माणसाला भरती-ओहोटी पुस्तकातच भेटते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरती ते ओहोटी सव्वासहा तासांच्या आसपास. रोज भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि खाडीत जोरात धावतं. अष्टमीच्या आसपास भांग, फरक कमी, धार मंद. जुना हिशोब सोपा आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, आला तो भरतीचा तास. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. हिशोब मुंबईचा आहे. दक्षिणेला भरती थोडी आधी येते आणि खाडीत जसजसे वर जाल तशी उशिरा. म्हणून पाऊणपट ही आखणीपुरती. निघायच्या आधी डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या भरती-तक्त्यावरून वेळा पक्क्या करा.

आता सफर शुद्ध अष्टमीला सुरू करून बघा. चांदणं वाढतं राहील, हा वरचा फायदा.

अष्टमीला बाणकोटला भरती सहाच्या सुमारास, आंबेतला त्यानंतर. सातला सुटा. पाणी उतरायला लागलेलं असेल आणि ओहोटी तासाला दोन-तीन किलोमीटरची भर घालेल. दुपारच्या आत खाडीच्या तोंडाजवळ. सावित्रीत, विशेषतः महाडच्या बाजूला, मगरी आहेत, म्हणूनच वरून सुरू करत नाही. संध्याकाळी पाण्याच्या कडेला भांडी घासायला बसू नका.

नवमीला भरती पावणेसातला. सातच्या सुमारास पाणी थबकलेलं असताना बाणकोटच्या तोंडातून बाहेर पडा, वेळास डाव्या हाताला ठेवून केळशी, मग आंजर्ले. सोळा-सतरा किलोमीटर, अकराला काठावर. वेळासच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री तिथे तंबू आणि टॉर्च नको.

दशमीचा दिवस सगळ्यात मोठा: आंजर्ल्याहून हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर करत कोळथऱ्यापर्यंत, चोवीस-पंचवीस किलोमीटर. हर्णैला सुवर्णदुर्ग आणि बंदर यांच्या मधल्या पाण्यात मासेमारी नौकांची ये-जा असते आणि खडकही आहेत. नौकेला तुम्ही दिसता असं कधी समजू नका. वळून तिला वाट द्या. पण या दिवशी बाहेर पडायच्या जागा भरपूर आहेत. थकलात तर लाडघरला उतरा, राखीव दिवस त्यासाठीच असतो.

एकादशीला कोळथऱ्याहून उजाडताच निघून साडेआठच्या आत दाभोळच्या तोंडाशी, भरतीच्या शेवटच्या टप्प्यात. हीच ती वेळ जिच्यासाठी अख्खा आठवडा मागे-पुढे केला. लाडघरहून निघालात तर तोंडाशी पोहोचाल अकराला, ऐन ओहोटीत. मग त्या दिवशी कोळथऱ्यापर्यंतच जायचं. दाभोळला वेळ मिळाला तर चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ आणि जुनी शाही मशीद बघून घ्या.

द्वादशी-त्रयोदशीला खाडी. भरती नऊ-पावणेदहा, वर तिला आणखी उशीर. उजाडताना निघा, पाणी तुम्हाला साडेदहापर्यंत वर ढकलेल. नंतर काठाला लागून पुढच्या दिवसाची वाट बघा. ओहोटीशी झुंजणाऱ्याची मी थट्टा करत नाही, मीच तीन तासांत चार किलोमीटर गेलो आहे. शेवटचा टप्पा अपेक्षेपेक्षा संथ जाईल, कारण कोयनेच्या वीजकेंद्रांतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत येतं आणि ते सतत खाली वाहत असतं. इथेही मगरी आहेत. गोवळकोटच्या धक्क्याला दुपारी लागा, तिन्हीसांजेला नाही.

खाडीचं तोंड

खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, पाणी उथळ असतं. बाहेरून लाट येते, आतून ओहोटीची धार. दोघी समोरासमोर आल्या की लाट उभी राहते आणि फुटते. बाहेर समुद्र शांत दिसत असला तरी. म्हणून तोंड ओलांडायचं ते भरतीच्या शेवटी किंवा पाणी थबकलेलं असताना. ओहोटी सुरू झाल्यावर पोहोचलात तर बाहेरच्या एखाद्या पुळणीवर उतरून वाट बघा. सहा तास गेले तर गेले.

दाभोळच्या दक्षिण काठाला अंजनवेलजवळ एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनल आहे. तिथे मोठी जहाजं लागतात आणि आसपास जायला मनाई आहे. उत्तरेचा, दाभोळ गावाचा काठ धरा. दाभोळ-धोपावे फेरीबोट आडवी जाते, तिला आधी जाऊ द्या.

आत खाडीत डोल जाळी असतात, धारेत खुंटांना बांधलेली. तरंगणारे डबे किंवा बोये रांगेत दिसले तर त्यांच्या वरच्या अंगाने, म्हणजे धार जिथून येते तिथून जवळ जाऊ नका. धार होडीला जाळ्यावर बसवते. ओहोटीला कांदळवनाच्या कडेचा चिखल उघडा पडतो. मांडीपर्यंत जातो. आम्ही एकदा पाच तास होडीत बसून काढले, पाण्यापासून साठ मीटरवर, बिस्किटं मोजत. मुक्कामाची जागा ओहोटीला उतरता येईल अशी हवी: धक्का, दगड किंवा कडक वाळू. दगडावर कालवं असतात, अनवाणी पाय टाकला तर टाके पडतील.

कोणाला सांगायचं

किनाऱ्यावर अनोळखी होडी लागली की लोक विचारतात आणि विचारायलाच हवं. १९९३ मध्ये याच पट्ट्याच्या उत्तरेला शेखाडी आणि दिघीला स्फोटकं उतरली होती, २००८ चा मुंबई हल्ला समुद्रातूनच आला. त्यामुळे निघायच्या पंधरा दिवस आधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयाला आणि वाटेवरच्या सागरी पोलीस ठाण्यांना लेखी कळवा: नावं, आधारच्या प्रती, होड्यांचे रंग, रोजचे मुक्काम. पोच घ्या, तिची छापील प्रत ड्राय बॅगेत ठेवा. कोळीवाड्यात उतरल्यावर आधी तिथल्या जाणत्या माणसाला भेटा. मुक्कामाची जागाही तेच दाखवतील आणि रात्री पोलीस आले तर बाजूही तेच घेतील.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परदेशी व्हिडिओंमध्ये सर्रास दिसतात. आपल्याकडे परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे. मोबाइल जलरोधक पाकिटात, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम, पॉवर बँक, शिट्टी, आरसा, आणि लाइफ जॅकेटला बांधलेला दिवा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, एरवी ११२. हे क्रमांक फोनमध्ये नको, होडीवर रंगवा, फोन बुडतो.

सामान

लाइफ जॅकेट अंगावर, पट्टे आवळलेले, नेहमी. होडीच्या मागे बांधलेलं जॅकेट म्हणजे सामान. दर दोन होड्यांमागे एक जादा वल्हं, पाणी उपसायचा पंप, पंधरा मीटर दोर, चाकू, दुरुस्तीची चिकटपट्टी. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर. किनाऱ्यावर गावं आहेत, पण दोन दिवसांचं पाणी होडीतच असावं.

खाण्याबद्दल प्रत्येकाचं मत असतं. माझं: सकाळी होडीत बसून खाता येईल ते सगळं नाशिकहून न्यावं. बेदाणे, गूळ-शेंगदाणे, चिवडा, ठेचा, दोन दिवस टिकणाऱ्या दशम्या. संध्याकाळचं जेवण गावात पैसे देऊन जेवावं, स्टोव्ह फक्त चहाला. हर्णैच्या लिलावाचे मासे बघितल्यावर तुमचाही बेत बदलेल.

जड सामान तळाशी आणि मध्यभागी. पाण्याचे कॅन आसनाच्या मागे लगेच. टोकाला जड काही ठेवलं की होडी लाटेत नाक खुपसते.

गाडीचा हिशोब

नाशिकहून आंबेत कसारा-पनवेलमार्गे तीनशे किलोमीटरच्या आसपास. सतरा फुटी होडी टपावर घेऊन कसारा घाटात वाऱ्याचे झटके बसतात. पट्टे दोन, शिवाय पुढच्या-मागच्या टोकाचे दोर, आणि इगतपुरीला थांबून तपासणी. गाडी एका टोकाला राहते आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला, हा प्रश्न शेवटी उरतो. चालक मित्र मिळाला तर उत्तम, त्याला सहा दिवस दापोलीत राहायचं आमिष पुरतं. नाहीतर दोघांनी चिपळूणहून एसटीने जाऊन गाडी आणायची आणि बाकीच्यांनी होड्या धुवायच्या.

घरचा कागद

घरी एका माणसाकडे सफरीचा कागद द्या. रोजचा निघायचा आणि पोहोचायचा तास, बाहेर पडायच्या सगळ्या जागा, पोलीस ठाण्यांचे क्रमांक. त्याने काय करायचं हेही लिहून द्या: संध्याकाळी सहापर्यंत फोन नाही तर गटातल्या प्रत्येकाला लावायचा, आठपर्यंत नाही तर १५५४. ‘‘बघू, रेंज नसेल’’ म्हणत रात्र काढणारा माणूस या कामाला नको. आमच्याकडे हे काम वहिनी करतात. एकदा आम्ही फोन करायला विसरलो, तेव्हा सात वाजून दहा मिनिटांनी गावच्या सरपंचांचा पोरगा बॅटरी घेऊन आम्हाला शोधत पुळणीवर आला होता.

त्याच कागदाच्या पाठीमागे रद्द करायच्या अटी लिहा, घरी बसून, डोकं शांत असताना. आमच्या अशा आहेत: हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या संस्थेच्या अंदाजात लाट एक मीटरच्या वर, किंवा वारा ताशी वीस किलोमीटरच्या वर, किंवा हवामान खात्याचा मच्छीमारांना इशारा, किंवा गटातला एकही जण ‘‘आज नको’’ म्हणाला, तर त्या दिवशी होडी पाण्यात जात नाही. चौथी अट लागू करताना कारण विचारायचं नाही. गेल्या सफरीत ती नवमीच्या सकाळी लागू झाली. आम्ही दिवसभर बाणकोटला धक्क्यावर बसलो, बागमांडल्याची फेरीबोट मोजली, आणि दशमीला साडेसातच्या भरतीवर तोंडातून बाहेर पडलो.